नवारिनोची लढाई, १८२७ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिडाच्या जहाजांच्या लढाया म्हटलं की आपली गाडी १८०५ च्या ट्रफाल्गारला जाऊन थांबते. नवारिनोचं नाव काढलं की समोरचा विचारतो, "हे कुठं आलं?" खरं तर केवळ शिडाच्या जहाजांनी लढलेली ही शेवटची मोठी लढाई. ग्रीस नावाचा देश आज नकाशावर आहे त्यात तिचा मोठा वाटा आहे. विजेत्या आरमाराचा प्रमुख ज्या जहाजावर उभा होता ते तर मुंबईच्या गोदीत बांधलेलं होतं. या विषयावर बोलायला लागलं की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत.

ही लढाई नेमकी कुठे आणि कधी झाली?

२० ऑक्टोबर १८२७, दुपारी दोनच्या सुमारास सुरू झाली आणि सहाच्या आसपास संपली. जागा म्हणजे ग्रीसच्या नैर्ऋत्य टोकाला, पेलोपोनीजच्या किनाऱ्यावरचा नवारिनोचा उपसागर. तिथल्या गावाला आज पिलोस म्हणतात.

रशियन लिखाणात ८ ऑक्टोबर अशी तारीख दिसली तर गोंधळू नका. त्यांच्याकडे तेव्हा जुनी, ज्युलियन दिनदर्शिका चालू होती आणि ती बारा दिवस मागे होती.

या जागेचा आकार डोळ्यांसमोर आणला नाही तर पुढचं काहीच कळणार नाही. उपसागर साधारण पाच किलोमीटर लांब आणि तीन रुंद. समुद्राच्या बाजूला स्फाक्तेरिया नावाचं लांबट, खडकाळ बेट आडवं पडलेलं, जणू दाराला घातलेला अडसर. उत्तरेकडची फट इतकी उथळ की मोठं जहाज तिच्यातून जातच नाही. आत शिरायला आणि बाहेर पडायला दक्षिणेकडचं एकच तोंड, आणि त्या तोंडावर तुर्कांचा किल्ला. अशा डबक्यात दोन्हीकडची मिळून शंभराच्या घरातली जहाजं एका दुपारी एकमेकांवर तोफा डागत होती.

याच स्फाक्तेरिया बेटावर ख्रिस्तपूर्व ४२५ मध्ये अथेन्सच्या सैन्यानं स्पार्टन शिपायांना शरण आणलं होतं. मरतील पण हात वर करणार नाहीत अशी ख्याती असलेल्या स्पार्टन लोकांनी हत्यारं खाली ठेवली, याचा तेव्हा साऱ्या ग्रीसला धक्का बसला होता. जागाच तशी आहे. आत अडकलेल्याला सुटका नाही.

लढले कोण? आणि भांडण कशावरून?

एका बाजूला ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया यांचं संयुक्त आरमार. दुसऱ्या बाजूला उस्मानी तुर्की साम्राज्याचं आणि इजिप्तचं. बारकाईनं पाहिलं तर एक गंमत दिसते. लढाई ग्रीसच्या स्वातंत्र्याची, पण ग्रीसचं आरमार तिच्यात नव्हतंच.

१८२१ च्या मार्चमध्ये ग्रीकांनी तुर्की सत्तेविरुद्ध बंड केलं. पहिली काही वर्षं ते टिकलं, मग आपसातल्या यादवीनं पोखरलं. सुलतान दुसरा महमूद यानं इजिप्तचा सुभेदार मेहमेद अली याची मदत मागितली. मेहमेद अलीचा मुलगा इब्राहिम पाशा फ्रेंच पद्धतीनं कवायत केलेली फौज घेऊन १८२५ च्या फेब्रुवारीत दक्षिण ग्रीसमध्ये उतरला आणि त्यानं प्रदेश पिंजून काढला. १८२६ च्या एप्रिलमध्ये मिसोलोंगी पडलं. दोन वर्षांपूर्वी कवी बायरन याच गावात तापानं गेला होता, त्यामुळे युरोपभर लोकांच्या तोंडी हे नाव बसलेलं. मिसोलोंगी पडल्यावर लंडन-पॅरिसमध्ये सरकारवर दबाव वाढला.

पण सरकारं लोकांच्या हळव्या मनासाठी आरमार पाठवत नसतात. रशियाला तुर्कस्तान कमजोर झालेलं हवं होतं. ब्रिटनला रशिया एकटाच तिथं घुसलेला नको होता. फ्रान्सला या दोघांच्या मागे राहायचं नव्हतं. तिघांनी ६ जुलै १८२७ रोजी लंडनमध्ये करार केला. तुर्क आणि ग्रीक दोघांनीही लढाई थांबवावी, ग्रीसला सुलतानाच्या छत्राखाली स्वायत्तता मिळावी, आणि ऐकलं नाही तर तिघांच्या आरमारांनी मध्ये पडावं. ग्रीकांनी लगेच होकार दिला, कारण ते हरत होते. सुलतानानं नकार दिला, कारण तो जिंकत होता.

मग युद्ध पुकारलं होतं का?

नाही. साऱ्या प्रकरणातला सगळ्यात चमत्कारिक भाग हाच. त्या दुपारी लंडन, पॅरिस, सेंट पीटर्सबर्ग आणि इस्तंबूल यांच्यात कागदोपत्री शांतता होती. आरमारांना हुकूम होता तो असा: तुर्की-इजिप्शियन फौजेला समुद्रमार्गे कुमक आणि रसद मिळू द्यायची नाही, पण लढाई करायची नाही.

हा हुकूम वाचून कुठलाही अनुभवी नौसेनाधिकारी कपाळावर हात मारेल. समोरचा जहाजं घेऊन निघाला तर त्याला अडवायचं कसं, हात जोडून? ब्रिटिश ॲडमिरल कॉड्रिंग्टन यानं इस्तंबूलमधल्या आपल्या राजदूताला हेच विचारलं. उत्तराचा मथितार्थ असा होता की बाकी सगळे उपाय थकले तर शेवटी तोफेच्या गोळ्यानंच अडवावं लागेल. कॉड्रिंग्टनला हवा होता तो कागद मिळाला. या हुकुमांमागचा खरा जाणता माणूस, पंतप्रधान जॉर्ज कॅनिंग, ८ ऑगस्टलाच वारला होता. मागे राहिलेल्या मंत्रिमंडळाला आपण काय लिहून दिलंय याची पुरती कल्पना होती का, अशी शंका घ्यायला जागा आहे.

ट्रफाल्गारला ब्रिटिश ॲडमिरल नेल्सन शत्रूला शोधत हिंडला, मुद्दाम लढला. नवारिनोला तिन्ही ॲडमिरल "आम्ही फक्त उभे राहायला आलोय" म्हणत आत शिरले आणि चार तासांत एक आख्खं आरमार बुडवून बाहेर आले.

कॉड्रिंग्टन कोण होता? बाकीचे दोघे कोण?

सर एडवर्ड कॉड्रिंग्टन तेव्हा ५७ वर्षांचा. ट्रफाल्गारच्या लढाईत तो 'ओरायन' या ७४ तोफांच्या जहाजाचा कप्तान होता. नवारिनोची लढाई ट्रफाल्गारच्या बाविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी झाली, आणि आपल्या कप्तानांना दिलेल्या सूचनांच्या शेवटी कॉड्रिंग्टननं नेल्सनचंच वाक्य घातलं: जो कप्तान आपलं जहाज शत्रूच्या जहाजाला भिडवतो त्याच्या हातून फार मोठी चूक होऊ शकत नाही. "लढायचं नाही" असं सांगून आत जाणाऱ्या माणसाच्या सूचनेत हे वाक्य काय करतंय, हे ज्याचं त्यानं ठरवावं. माझं मत मी पुढे सांगतोच.

फ्रेंच तुकडीवर द रिन्यी होता, रशियन तुकडीवर काउंट हाइडेन. द रिन्यी त्या समुद्रात कित्येक वर्षं काढलेला, ग्रीकांबद्दल त्याला फारसं प्रेम नव्हतं. त्यांच्यातल्या चाचेगिरीनं तो वैतागलेला असे. हाइडेनला लढाई उघडउघड हवी होती. या तिघांची मोट बांधून ठेवणं हे कॉड्रिंग्टनचं अर्धं काम होतं. फ्रेंच आणि ब्रिटिश बारा वर्षांपूर्वीपर्यंत एकमेकांचे हाडवैरी होते, हे विसरू नका.

मुंबईचा संबंध नेमका काय?

कॉड्रिंग्टनचं निशाण 'एशिया' या ८४ तोफांच्या जहाजावर होतं. 'एशिया' मुंबईच्या गोदीत बांधलं गेलं आणि १९ जानेवारी १८२४ रोजी पाण्यात उतरलं. बांधणारे नौरोजी जमशेटजी वाडिया. सुरतेहून मुंबईला आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या वंशातले. गोदीची सूत्रं पिढ्यान्‌पिढ्या याच घराण्याकडे होती, आणि ब्रिटिश आरमारासाठी ७४ तोफांचं पहिलं मोठं जहाज 'मिंडेन' त्यांनी १८१० मध्येच बांधून दिलं होतं.

जहाज अस्सल सागवानाचं. इंग्रजांना सागवान का हवं होतं, याचं साधं कारण असं की नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडमधला चांगला ओक संपत आला होता. पण सागवानाचे स्वतःचे गुणही होते. ओकमधल्या आम्लानं लोखंडी खिळे गंजतात, सागवानातल्या तेलानं ते टिकतात. लाकूड फार आकसत-फुगत नाही, वाळवी आणि कुज लवकर शिरत नाही. मुंबईतच बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे १८१७ सालचं फ्रिगेट (मधल्या आकाराचं लढाऊ जहाज) इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही पाण्यावर तरंगतं आहे. ओकची बहुतेक भावंडं केव्हाच सरपणाला गेली.

इथे एक गंमत सांगायला हवी. 'एशिया'चा आराखडा 'कॅनोपस' नावाच्या जहाजावरून घेतला होता. 'कॅनोपस' म्हणजे मूळचं फ्रेंच 'फ्राँक्लँ', १७९८ मध्ये नाईलच्या लढाईत इंग्रजांनी पकडलेलं. म्हणजे आराखडा फ्रेंच, लाकूड आणि सुतार हिंदुस्थानी, खलाशी ब्रिटिश, लढाई ग्रीसमध्ये. पेशवाई बुडून तेव्हा नऊच वर्षं झाली होती.

लढाईच्या आधी बोलणी झाली नव्हती का?

झाली होती. २५ सप्टेंबरला कॉड्रिंग्टन आणि द रिन्यी इब्राहिम पाशाला भेटले. सुलतानाचा हुकूम येईपर्यंत मी आरमार हलवणार नाही, असा तोंडी शब्द त्यानं दिला. शब्द लेखी नव्हता, आणि तो कशाकशाला लागू यावर दोघांचा समज वेगळा होता. ग्रीकांनी मात्र लढाई थांबवली नाही. त्यांच्याकडे 'कार्तेरिया' नावाची वाफेवर चालणारी युद्धनौका होती, तिचा कप्तान फ्रँक अॅबनी हेस्टिंग्ज हा इंग्रज. सप्टेंबरच्या अखेरीस त्यानं कोरिंथच्या आखातात तुर्की जहाजांची एक तुकडी उडवून दिली. इब्राहिम भडकला. त्याचं म्हणणं सरळ होतं: मला थांबायला सांगता आणि त्यांना मोकळं सोडता? ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याची जहाजं पात्रास बंदराकडे निघाली, कॉड्रिंग्टननं वादळी हवेत ती अडवून परत पाठवली.

मग इब्राहिमनं जमिनीवर राग काढला. मेसिनियाच्या, म्हणजे नवारिनोच्या आसपासच्या मुलखाच्या, खेड्यांतून धूर उठायला लागला, ऑलिव्हची आणि अंजिराची झाडं तोडली जाऊ लागली. ऑलिव्हचं झाड तोडणं म्हणजे नुसतं पीक जाळणं नव्हे. कोकणात कुणी तुमच्या आजोबांनी लावलेल्या कलमांवर कुऱ्हाड चालवली तर जे वाटेल ते. पुढची पिढीही उपाशी राहते.

हिवाळा तोंडावर आला होता. त्या किनाऱ्यावर वादळांत बाहेर ताटकळत नाकेबंदी ठेवणं अशक्य. १८ ऑक्टोबरला तिन्ही ॲडमिरल बसले आणि ठरलं की उपसागरात शिरायचं, तुर्की आरमाराच्या शेजारी नांगर टाकायचा आणि इब्राहिमला परत जायला भाग पाडायचं. आधी गोळी झाडायची नाही, हा सक्त हुकूम.

कुणाकडे किती जहाजं होती?

दोस्तांकडे २७ जहाजं: ब्रिटनची १२, फ्रान्सची ७, रशियाची ८. त्यांपैकी पहिल्या फळीची मोठी जहाजं दहा. तुर्क-इजिप्शियन बाजूची संख्या मोजणाऱ्यागणिक बदलते, कारण लहान नावा आणि मालवाहू जहाजं धरायची की नाहीत यावर एकमत नाही. लढाऊ जहाजं सत्तरच्या पुढेमागे. पण त्यांत पहिल्या फळीची मोठी जहाजं तीनच होती, बाकी फ्रिगेट आणि त्याहून लहान कॉर्व्हेट व ब्रिग.

सत्तर विरुद्ध सत्तावीस, तरी सत्तर हरले कसे?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि मराठी माणूस तो वेगळ्या काळजीनं विचारतो. आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं की लहान, चपळ नावा मोठ्या जहाजांना जेरीस आणतात. १६७९ मध्ये खांदेरीला तसं झालंही होतं. इंग्रजांची मोठी जहाजं बाहेर पहारा देत राहिली आणि मराठ्यांच्या वल्ह्यांच्या नावा रात्री उथळ पाण्यातून बेटावर माणसं आणि सामान पोचवत राहिल्या. पण तो खेळ चालतो तो केव्हा लढायचं आणि केव्हा सटकायचं हे लहान नावेच्या हातात असलं तरच. नवारिनोला सगळी जहाजं नांगरलेली होती, वारा मंद होता, बाहेर पडायचं तोंड एकच. तिथं चपळाई निरुपयोगी. उरतं ते एवढंच: कुणाच्या फळ्या जाड, कुणाचे गोळे जड, आणि कुणाचे गोलंदाज लवकर तोफ भरतात.

मोठ्या युद्धनौकेच्या खालच्या मजल्यावर ३२ पौंडी गोळ्याच्या तोफा असत. असं जहाज एका कुशीच्या सगळ्या तोफांची सरबत्ती करी तेव्हा समोरच्या फ्रिगेटची पातळ कूस फाटून लाकडाच्या ढलप्या उडत. त्या काळी तोफेच्या गोळ्यापेक्षा या ढलप्यांनीच जास्त माणसं मरत. मोठ्या जहाजाच्या जाड कुशीत मात्र लहान तोफांचे गोळे रुतून बसत.

दुसरं कारण माणसांचं. उस्मानी आरमार पिढ्यान्‌पिढ्या हिद्रा, स्पेत्सेस, प्सारा अशा बेटांवरच्या ग्रीक खलाशांवर चालत असे. १८२१ मध्ये तेच खलाशी बंडात सामील झाले. त्यांच्या जागी जमेल तशी माणसं पकडून भरली. शीड बांधणं सहा महिन्यांत शिकवता येईल. गडबडीत, धुरात, शेजारचा माणूस कोसळत असताना तोफ पुसून, भरून, रोखून पुन्हा डागायची हे कवायतीनंच अंगात मुरतं. ब्रिटिश आणि फ्रेंच खलाशांच्या मागे नेपोलियनच्या युद्धांची वीस वर्षं उभी होती.

तुर्की मांडणी चुकीची होती का?

मुळीच नाही. मांडणी करून दिली होती लेतेलिए या फ्रेंच अधिकाऱ्यानं, जो इजिप्तच्या नोकरीत होता. घोड्याच्या नालेसारखी तीन ओळींची रचना. पुढच्या ओळीत मोठी जहाजं आणि मोठी फ्रिगेट, मागे लहान जहाजं, जी पुढच्यांच्या फटींतून मारा करतील. नालेच्या दोन्ही टोकांना पेटवून शत्रूवर सोडायच्या जहाजांची जोडणी. शत्रू आत आला की तिन्ही बाजूंनी मारा. कागदावर हा सापळा उत्तम आहे.

(या पेटवायच्या जहाजांना मराठीत काय म्हणावं हा माझा जुना डोकेदुखीचा विषय. 'आगबोट' हा शब्द आपण वाफेच्या जहाजाला देऊन बसलो. म्हणून इथे मी त्यांना 'जळाऊ जहाजं' म्हणतो.)

सापळ्यात अडचण एकच होती. सापळा मिटायला पहिली गोळी आपण झाडावी लागते, आणि ती वेळेवर. दोस्तांची जहाजं तोंडातून एकामागून एक आत येत होती तेव्हा ती सगळ्यात कमकुवत अवस्थेत होती. शिडं सोडलेली, तोफा न रोखलेल्या, एकट्यादुकट्यानं किल्ल्यासमोरून जाणारी. त्या वेळी किल्ल्यावरून आणि नालेतून एकदम मारा झाला असता तर या पानाचं शीर्षक वेगळं असतं. पण शांतता कागदावर होती, इब्राहिम स्वतः तिथं नव्हता, आणि त्याच्या माणसांना पहिला वार करायचा अधिकार नव्हता. त्यांनी शत्रूला शांतपणे आत येऊन आपल्या शेजारी नांगर टाकू दिला.

पहिली गोळी कुणी झाडली?

तपशील बऱ्यापैकी माहीत आहेत. अर्थ मात्र प्रत्येकानं आपापला लावला.

'एशिया' आत शिरत असताना किल्ल्याकडून एक होडी आली. निरोप असा की इब्राहिम पाशानं आत यायची परवानगी दिलेली नाही. कॉड्रिंग्टनचं उत्तर प्रसिद्ध आहे: मी हुकूम द्यायला आलोय, घ्यायला नाही. त्याच्या डेकवर बँडवाल्यांना जमवून वाजवायला लावलं होतं, तोफांच्या खिडक्या अर्ध्याच उघड्या ठेवल्या होत्या, म्हणजे भेटीला आल्यासारखं दिसावं. खिडक्यांच्या मागे तोफा भरलेल्या होत्या.

'डार्टमथ' हे ब्रिटिश फ्रिगेट एका जळाऊ जहाजाजवळ नांगरलं. त्यावरची माणसं पेटवायची तयारी करताना दिसली म्हणून कप्तान फेलोजनं होडी पाठवून त्यांना दूर व्हायला सांगितलं. होडीवर बंदुका चालल्या, लेफ्टनंट फिट्झरॉय ठार झाला. होडीच्या बचावासाठी 'डार्टमथ'वरून आणि फ्रेंच 'सिरेन'वरून बंदुका सुटल्या. मग एका इजिप्शियन जहाजानं 'सिरेन'वर तोफ डागली. तिथून पुढे कुणी कुणाला विचारलं नाही.

आता माझं मत. पहिली गोळी तुर्कांनी झाडली हे मान्य. पण दुसऱ्याच्या बंदरात परवानगी न घेता भरलेल्या तोफांनिशी शिरून त्याच्या पेटत्या पलित्याशेजारी नांगर टाकायचा, आणि नंतर म्हणायचं की सुरुवात त्यांनी केली, याला आमच्याकडे 'भांडण काढायला जाणं' म्हणतात. कॉड्रिंग्टनला लढाई हवीच होती असं मी म्हणत नाही. ती होईल हे मात्र त्याला पक्कं ठाऊक असणार. नेल्सनचं वाक्य तो उगीच लिहून गेला नाही.

'एशिया'वर काय झालं?

'एशिया'नं नालेच्या मधोमध, दोन निशाणी जहाजांच्या मध्ये नांगर टाकला. एका अंगाला कापुदान बे या तुर्की सेनानीचं जहाज, दुसऱ्या अंगाला मुहर्रम बे या इजिप्शियन सेनानीचं. मुहर्रम बेनं आपण गोळीबार करणार नसल्याचं कळवलं, त्यामुळे बराच वेळ 'एशिया'ची झुंज एकाच बाजूला चालली. मग कॉड्रिंग्टननं बोलणी करायला पीटर मिचेल या ग्रीक वाटाड्याला मुहर्रमच्या जहाजाकडे पाठवलं. होडीतच त्याला गोळी घातली गेली. लगेच मुहर्रमच्या तोफाही सुरू झाल्या. 'एशिया'च्या दुसऱ्या कुशीनं उत्तर दिलं, आणि इजिप्शियन निशाणी जहाज फार वेळ तगलं नाही.

'एशिया'ची मागची डोलकाठी तुटून समुद्रात पडली. डेकवर मोठी पडझड झाली. त्याच जहाजावर शिकाऊ अधिकारी असलेला कॉड्रिंग्टनचा मुलगा हेन्री जबर जखमी झाला. ॲडमिरल स्वतः उंच, ठळक दिसणारा, डेकवर उघडा उभा राहिला, कपड्यांना गोळ्या चाटून गेल्या, पण वाचला. जवळच्या 'जिनोआ'चा कप्तान बाथर्स्ट मात्र जखमांनी वारला.

रशियन आणि फ्रेंचांनी काय केलं? नुसतं इंग्रजांचंच ऐकतोय.

तक्रार रास्त आहे. रशियन शेवटी आत आले, म्हणजे धुरानं काही दिसत नसताना आणि किल्ल्याच्या तोफा सुरू झाल्यावर. 'आझोव' या त्यांच्या निशाणी जहाजाला दीडशेच्या वर गोळे लागले. त्याचा कप्तान मिखाईल लाझारेव, आणि हाताखालच्या तरुणांत नाखिमोव, कोर्निलोव आणि इस्तोमिन. ही तिन्ही नावं पुढे क्रिमियाच्या युद्धात सेव्हास्तोपोलच्या बचावात आली. तिघेही तिथंच पडले आणि लाझारेवसोबत तिथल्याच एका चर्चमध्ये पुरलेले आहेत. रशियात नवारिनोची आठवण म्हणूनच ठसठशीत आहे.

फ्रेंचांपैकी 'ब्रेस्लाऊ'चा कप्तान ला ब्रेतोनिएर यानं ठरलेली जागा सोडून, गरज दिसली तिथं, ब्रिटिश 'ॲल्बियन' आणि रशियन जहाजांच्या मधे जाऊन नांगर टाकला. 'सिपियाँ' या जहाजाला एका जळाऊ जहाजानं खेटून पेटवलं, आग दारूकोठाराकडे सरकत होती. खलाशांनी एकीकडे तोफा चालू ठेवून दुसरीकडे ती विझवली.

किती माणसं गेली?

दोस्तांची पावणेदोनशेच्या आसपास, जखमी सुमारे ४८०. त्यांचं एकही जहाज बुडालं नाही. तुर्क-इजिप्शियन मृतांचा आकडा साधारण तीन ते चार हजार सांगतात. त्यांची बहुतेक जहाजं गेली. कित्येक त्यांनीच रात्रभर पेटवून उडवून दिली, शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून. मित्रपक्षानं कळवलंही की आम्हाला ती जप्त करायची नाहीत, पण स्फोट थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी इब्राहिम पाशा परतला तेव्हा पाण्यावर नुसत्या डोलकाठ्या आणि फळ्या तरंगत होत्या.

विजय झाला, मग लंडनमध्ये सगळे खूश झाले असतील?

लोक खूश झाले. सरकार ओशाळलं. तुर्कस्तान हे ब्रिटनच्या दृष्टीनं रशियाला रोखणारं कुंपण, आणि त्यांच्याच ॲडमिरलनं ते पाडलं. १८२८ च्या जानेवारीत ड्यूक ऑफ वेलिंग्टन पंतप्रधान झाला, आणि त्या महिन्यात संसदेपुढच्या राजाच्या भाषणात या लढाईला 'अप्रिय घटना' म्हटलं गेलं. राजा चौथा जॉर्ज याच्या नावावर तर असं वाक्य खपवतात की मी कॉड्रिंग्टनला मानाची फीत पाठवतोय, पण त्याच्या लायकीचा होता तो फाशीचा दोर. १८२८ मध्येच कॉड्रिंग्टनला परत बोलावलं. रशिया आणि फ्रान्सनं मात्र त्याला मानाची पदकं दिली. पुढे तो खासदार झाला, पोर्टस्मथचा नौदल प्रमुख झाला आणि १८५१ मध्ये वारला. आयुष्याच्या उरलेल्या काळात आपण हुकूम मोडला नव्हता हे पटवून देण्यात त्यानं बरीच शाई खर्च केली.

ग्रीस लगेच स्वतंत्र झाला का?

नाही. सुलतानानं उलट हट्ट धरला. पण आरमाराशिवाय इब्राहिमची फौज ग्रीसमध्ये पोसता येत नव्हती. १८२८ च्या एप्रिलमध्ये रशियानं युद्ध पुकारलं, ऑगस्टमध्ये फ्रेंच फौज पेलोपोनीजमध्ये उतरली आणि इब्राहिम इजिप्तला परतला. १८२९ च्या सप्टेंबरात रशिया आणि तुर्कस्तान यांच्यात एदिर्नेचा तह झाला, फेब्रुवारी १८३० मध्ये लंडनला ग्रीसचं स्वातंत्र्य मान्य झालं.

ही शिडाच्या युगातली शेवटची मोठी लढाई का म्हणतात? पुढे लढाया झाल्याच की.

झाल्या, पण दोन मोठी आरमारं केवळ शिडांवर विसंबून अशा प्रमाणावर पुन्हा भिडली नाहीत. १८५३ मध्ये याच नाखिमोवनं सिनोपला तुर्की आरमार जाळलं, तेव्हा तोफांतून फुटणारे गोळे सुटत होते आणि शेवटी वाफेची जहाजंही येऊन पोचली. फुटणाऱ्या गोळ्यापुढे लाकूड टिकत नाही, मग ते सागवान असो की ओक. नवारिनोला खरं तर शिडं फक्त आत येईपर्यंत वापरली. लढले ते नांगरून, जमिनीवरच्या बुरुजांसारखे.

'एशिया' आज पाहायला मिळतं का?

नाही. १८५८ पासून ते पोर्टस्मथला पहाऱ्याचं जहाज म्हणून उभं होतं, १९०८ मध्ये मोडीत विकलं गेलं. म्हणजे लढाईनंतर ऐंशी वर्षं सागवान पाण्यात होतं. मुंबईतली गोदी नौदलाच्या ताब्यात आहे, सहज आत जाता येत नाही. गेटवेवरून मांडव्याच्या लाँचमध्ये बसलात तर डावीकडे, क्रेनच्या गर्दीत, ती दिसते.

नवारिनोला गेलो तर काय पाहू?

पिलोसच्या मुख्य चौकाचं नावच तीन ॲडमिरलांचा चौक. मधोमध तिघांचं स्मारक आहे. दर वर्षी २० ऑक्टोबरला तिथं सोहळा होतो, तिन्ही देशांचे लोक येतात. उपसागरात होडी घेऊन फिरता येतं. ब्रिटिशांचं स्मारक मधल्या एका चिमुकल्या खडकावर, रशियन लोकांचं स्फाक्तेरियावर, फ्रेंचांचं दक्षिणेच्या तोंडाशी. तुर्की किल्लाही धडधाकट आहे. त्याच्या तटावर उभं राहून खाली तोंडाकडे पाहिलं की 'एशिया' किती जवळून गेलं असेल ते कळतं. तटावरच्या गोलंदाजाला नेम धरायचीही गरज नव्हती.